रिसबुडांचा अंकुशी रुपया

विष्णुपंत रिसबुडांचा कोणावर विश्वास बसल्याचं बदलापुरात कोणी पाहिलं नव्हतं. दूधवाल्याने दूध घातलं की पंत आधी बोट बुडवून बघणार. पंचांगात चतुर्थी असली तरी शेजाऱ्यांचं दुसरं पंचांग मागवून ताडून पाहणार. डॉक्टरने दिलेल्या बाटलीवरच्या चिठ्ठीत एखादी वेलांटी चुकलेली दिसली, की औषध थेट मोरीत. "ज्याला नाव धड लिहिता येत नाही, त्याने आत भरलंय तेच खरं औषध, कशावरून?" हे 'कशावरून' त्यांच्या तोंडात कायमचं बसलेलं. मुलगा गुरुदत्त लहानपणी पोटात दुखतंय म्हणून रडायला लागला, तर बापाचा पहिला प्रश्न हाच. पोरगं रडायचं थांबून विचार करायला लागलं.

आता अगदी सगळा दोष माणसाचाच होता असं नाही. पंतांची उमर गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. त्या कामाची रीतच अशी, की समोरचा चुकलाय हे गृहीत धरून बसायचं आणि कुठे चुकलाय ते शोधत राहायचं. चूक सापडली तर तपासनीस शहाणा, नाही सापडली तर मालकाच्या शिव्या. असं वर्षानुवर्षं केल्यावर माणूस घरी येऊन बायकोच्या आमटीतही लाल पेन्सिल फिरवणारच. उमाबाईंनी ते सगळं हसण्यावारी नेलं, म्हणून संसार झाला. त्या गेल्या आणि पंत नोकरी सोडून बदलापूरच्या घरी कायमचे राहायला आले, तेव्हा हसण्यावारी नेणारं कोणी उरलं नव्हतं. गुरुदत्त अंबरनाथच्या कारखान्यात जायचा, त्याची बायको वृंदा घरात वावरायची ती पावलांचा आवाज न करता.

पंतांना नाद एकच, जुन्या नाण्यांचा. आणि त्या नादातही त्यांना चुकाच भेटल्या. शिवराई घ्या. तांब्याच्या त्या पैशावर कुठे 'सिव' कोरलेलं, कुठे 'छत्रपती'तला 'त्र' उलटा, कुठे अक्षराला जागाच पुरली नाही म्हणून अर्धं बाहेर. टांकसाळीतल्या ज्या कारागिराने ते ठसे कोरले त्याला वाचता कुठे येत होतं? त्याने चित्र बघून चित्र काढावं तशी अक्षरं काढली. पंत भिंग लावून ती नाणी बघत आणि मेलेल्या कारागिरांवर चिडत.

पण त्यांचा खरा राग जिवंत माणसांवर, म्हणजे नाणी विकणाऱ्यांवर. त्या धंद्यात पद्धत अशी होती, की प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत घालायचं आणि पुडीवर विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, हे काय आहे, कुठलं आहे, कोणाच्या राज्यातलं आहे. नाणी पारखणारे थोडे आणि घेणारे पुष्कळ, त्यामुळे पुडीवरचं लिहिणं हाच विकणाऱ्याचा शब्द. तो गेला की धंदा गेला. आणि पंतांचं म्हणणं, पुडीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर आतलं नाणंही संशयित समजावं.

अशा माणसाची गाठ होतचंदशी पडावी, हीच गंमत.

होतचंद उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये बराकीच्या भिंतीला फळी लावून नाणी विकायचा. फाळणीनंतर सिंधमधल्या शिकारपूरहून आलेला. वडील मुनशी होते, त्यामुळे फार्सी अक्षरं त्याला लहानपणापासून येत. पण देवनागरी तो इथे आल्यावर दुकानांच्या पाट्या बघून शिकला. पाटी लिहिणाराही कॅम्पातलाच, त्यालाही येत नव्हतं. मग होतचंदच्या पुड्यांवर काय असणार? 'शीवराई', 'पेशवा का काळाची पैसा', 'जुना नाणी, बहूत दूर्मीळ'. पंत पहिल्यांदा त्या फळीपुढे उभे राहिले तेव्हा त्यांना घेरीच यायची बाकी होती. त्यांनी एक शब्द न बोलता खिशातून लाल पेन्सिल काढली आणि उभ्या उभ्या सगळ्या पुड्या तपासून टाकल्या. होतचंद बघत राहिला. मग त्याने आतून पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड आणून पुढे ठेवला. सिंधी घरात दारी आलेल्याला पापड-पाणी दिल्याशिवाय चालत नाही.

"साईं, पाप‌ड खाओ. मग बाकी पण बघून टाका."

पापडात काही मिसळलेलं नाही ना, हे पंतांनी वास घेऊन बघितलं. मग खाल्ला.

तिथून दर रविवारचा परिपाठ पडला. पंत पुड्या तपासायचे, लाल पेन्सिल तिथेच फळीच्या खणात ठेवून यायचे. आणि होतचंद पंतांच्या नाण्यांवरचं फार्सी वाचून द्यायचा. मराठ्यांच्या रुपयांवरसुद्धा दिल्लीच्या बादशहाचं नाव फार्सीत असायचं, आणि पंतांना त्यातलं एक अक्षर लागत नसे. इथे मात्र त्यांची पंचाईत व्हायची. होतचंद वाचून दाखवतोय ते बरोबर आहे कशावरून? ताडून बघायला दुसरं काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा पंत कोणाचा तरी शब्द जसाच्या तसा घेत होते, आणि त्यांना ते आवडतही होतं. पण हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी चुकीचं जोडाक्षर लिहिणं पसंत केलं असतं.

एका श्रावणात पंतांनी त्याच्याकडे उमाबाईंचा रुपया नेला. पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया, अंकुशाची खूण असलेला. उमाबाईंच्या आईने लग्नात लेकीच्या ओटीत घातला होता, आणि तेव्हापासून तो देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या डबीत. उमाबाई रोज बोटाने त्याला हळदकुंकू लावायच्या. इतक्या वर्षांचं ते हळदकुंकू अक्षरांच्या खाचांत बसून काळंकुट्ट झालं होतं. पंत तो रुपया बघत तेव्हा नाणं बघतच नसत, ते बोट बघत. कडेला एक टवका उडालेला, गुरुदत्तने रांगता असताना पाट्यावर आपटला होता म्हणून.

होतचंदने तो सावकाश वाचायला ठेवून घेतला, पुढच्या रविवारी पुडीत घालून परत दिला. "साईं, बादशाह का नाम आधा गलत कोरलंय. बनवणाऱ्याला येत नव्हतं. माझ्यासारखा होता." आणि हसला. पुडीवर त्याने लिहिलं होतं 'अंकूशी रूपया'. पंतांनी दोन्ही ऊकार दुरुस्त केले, पुडी घरी आणली आणि न उघडताच डबीत ठेवली.

दिवाळी आली. उमाबाई गेल्यापासून पंत पूजेला बसत नसत, बाहेर ओट्यावर बसत. लक्ष्मीपूजन गुरुदत्तने केलं. पंतांनी आत डोकावून बघितलं तेव्हा तबकात अक्षता, झेंडू आणि कुंकवाचा ढीग होता. रुपया त्याखाली असणार.

माघात मात्र गडबड उडाली. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळापाशी जत्रा भरते. त्या वर्षी जत्रेच्या निमित्ताने नाण्यांच्या हौशी मंडळींनी तिथल्या एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. अध्यक्ष होते जांभूळ गावचे दौलतराव, शेतकरी माणूस, पण नाण्यांचा भारी शौक, आणि कोणाला मेज द्यायचं ते त्यांच्या हातात. पंतांच्याच शब्दावर त्यांनी होतचंदला मेज द्यायचं कबूल केलं होतं. होतचंदला त्या मेजाचं मोल फार. मुंबईचे मोठे संग्राहक येणार होते. त्यांनी त्याला तिथे बसलेला पाहिला की आपली नाणी विकायला त्याच्या हाती सोपवायला ते तयार होते. म्हणजे बराकीच्या भिंतीवरची फळी जाऊन दुकान झालं असतं. त्याने त्या दिवसासाठी नवा सदरा शिवायला टाकला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी, रुपया तिथे न्यावा म्हणून, पंतांनी श्रावणानंतर पहिल्यांदाच डबी उघडली.  आत लखलखीत रुपया होता. खाचा कोऱ्या, अक्षरं टचटचीत, कुठे काळं नाही की पिवळं नाही. उमाबाईंचं बोट नाहीसं झालं होतं.

 पंतांनी घरातल्यांना हाका मारल्या. गुरुदत्त आला, वृंदा आली, धुणंभांड्याला येणारी बनूबाई ओले हात पुसत आली.

"डबीतला रुपया कोणी पळवला?" पंतांनी विचारलं. "कोणाचा हात लागलाय त्याला? खरं बोला."

गुरुदत्त म्हणाला, "मी नाही, बाबा." बनूबाई म्हणाली, "देवाच्या डबीला म्या कशाला शिवू?" वृंदाने पदर नीट केला आणि म्हणाली, "नाही, मामंजी."

मग राहिलं कोण? घराबाहेर तो रुपया एकदाच गेला होता. पंतांनी भिंग लावलं. टवका होता, अगदी तिथेच. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण संशय एकदा पोसला की त्याला काहीही पचतं. खोटा रुपया करणारा टवका उडवायला विसरेल कशाला? उलट टवका आहे, म्हणजेच माणूस हुशार आहे. आणि नाव आधीच 'गलत' आहे असं सांगून ठेवलं, ते का? पुढे विचारणा झाली तर उत्तर तयार असावं म्हणून. आणि फार्सी तर फक्त त्यालाच येतं. एकेक गोष्ट अशी चपखल बसत गेली, की पंतांना दुःखातही तपासनिसाचं समाधान वाटलं. चूक सापडली होती.

प्रदर्शनात माणसं भरली होती. होतचंद नवा सदरा घालून मेजामागे बसला होता, पुढे पांढरी चादर, त्यावर पुड्या, सगळ्या पंतांनी शुद्ध केलेल्या. पंतांना बघून तो उठला. पंतांनी रुपया चादरीवर ठेवला.

"माझा कुठे आहे?"

होतचंदला आधी कळलंच नाही. मग त्याने रुपया उचलून उलटसुलट पाहिला. "साईं, हा तोच आहे. कोणीतरी घासला."

"माझ्या घरात मी सगळ्यांना विचारलंय. तुम्ही बदललात. माझ्या बायकोचा रुपया ठेवून घेतलात आणि हा ओतीव माल माझ्या गळ्यात मारलात."

 होतचंदने आवाज चढवला नाही, शपथ घेतली नाही. "पंतसाईं, मी तुमच्या घरचा पाणी प्यालो नाही कधी," एवढंच तो म्हणाला, "पण तुम्ही माझ्या घरचा प्यालात." बोलणं खरं होतं. इतक्या रविवारांत पंतांनी त्याला बदलापूरला कधी बोलावलं नव्हतं.

दौलतराव गर्दीतून पुढे आले. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि मान हलवली. "पंत, तुमी आजवर कुनाला खरं म्हटलं न्हाई ही गोष्ट येगळी. पन ज्याला खोटं म्हटलं तो खोटाच निघाला. होतचंदशेट, मेज मोकळं करा."

मुंबईची मंडळी लांबूनच दुसऱ्या मेजाकडे वळली. होतचंदने चादरीची चार टोकं धरून पुड्यांसकट गाठोडं बांधलं. जाताना तो थांबला, खिशातून लाल पेन्सिल काढून पंतांपुढे ठेवली आणि निघून गेला. त्याने ती मुद्दाम आणली होती, आयत्या वेळी एखादी चूक निघाली तर पंतांना लागेल म्हणून.

पंतांनी घरी येऊन तो रुपया स्वयंपाकघराच्या फडताळावर भिरकावला. "टाक कुठेतरी भंगारात," वृंदाला म्हणाले. डबी रिकामी राहिली, निदान पंतांना तसं वाटलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पंत वाचनालयातून लवकर परतले. वाचनालयाचं घड्याळ बरोबर चालतंय याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून घरचं बघायला आले. मागच्या अंगणात वृंदा धुण्याच्या दगडापाशी बसून देवाची उपकरणी घासत होती. शेजारी वाडग्यात चिंचेचा कोळ, चिमूटभर रांगोळी. ताम्हन झालं, समई झाली, घंटा झाली. मग तिने पदराच्या टोकाची गाठ सोडून रुपया काढला, अंगठ्याने कोळ लावला आणि रांगोळीने गोल गोल घासायला लागली, अगदी हळू, टवक्यापाशी जरा जास्त हळू.

पंत दारात उभे होते. तिला चाहूल लागली आणि तिचा हात थांबला.

"दिवाळीलाही तूच घासलास?"

वृंदाने होकार दिला. तिच्या माहेरी लक्ष्मीपूजनाचा रुपया आरशासारखा घासूनच तबकात ठेवायचे. काळी लक्ष्मी पूजेत मांडायची नाही, ही तिथली रीत. सासूबाईंचा रुपया इतका काळा बघून तिला वाईट वाटलं होतं. घराला सासू नाही, निदान तिचा रुपया तरी उजळ असावा, इतकंच तिच्या मनात होतं.

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

तिने मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून ती पंतांच्या डोळ्यांत बघून बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. "तुम्ही 'घासला का' असं विचारलं नव्हतंत, मामंजी. 'पळवला का' असं विचारलंत. आणि मी हो, हात लावला म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, पळवला नाहीस कशावरून?"

 पंतांनी रुपया तिच्या हातातून घेतला, ओलाच. अक्षरं चकचकत होती, टवका जिथल्या तिथे होता. उमाबाईंचं बोट आता जगात कुठेच उरलं नव्हतं, आणि ते कोणी चोरलंही नव्हतं. पंत तिथेच पायरीवर बसले आणि त्यांना रडू आलं. वृंदाने उठून त्यांना पाणी आणून दिलं. ते पंत न बघता प्याले.

दुसऱ्या दिवशी गुढी उभारल्यावर ते कॅम्प दोनला गेले. फळी तिथेच होती, पण तिच्यावर नाणी नव्हती. बटणं, कंगवे, नाड्यांची बंडलं, आरसे. नाण्यांना आता गिऱ्हाईक येत नव्हतं. पंतांना बघून होतचंद आत गेला आणि पापड-पाणी घेऊन आला. वैऱ्यालाही ते चुकत नाही.

पंतांनी सगळं सांगितलं, सुनेला सांभाळून घेऊन सांगितलं, पण काही लपवलं नाही. होतचंदने ऐकून घेतलं.

"साईं, पुस्तकात गलती झाली तर तुम्ही मागे एक कागद चिकटवता ना. क्या बोलते हैं?"

"शुद्धिपत्र."

"तो कागद कोण वाचतं?"

 पंतांनी जन्मभर शुद्धिपत्रं तयार केली होती, आणि ती कोणीही वाचत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

तिथून ते तडक जांभूळला गेले. दौलतराव पडवीत बसले होते. पंतांनी उभ्याउभ्याच सांगितलं, चूक माझी होती, रुपया तोच आहे, होतचंद निर्दोष आहे, मंडळींना बोलवा, मी सर्वांसमोर बोलतो. दौलतरावांनी त्यांना बसायला सांगितलं, सुपारी कातरली, आणि मग हळूच म्हणाले, "बरं. म्हंजी त्या येळेला त्यानं काही केलं न्हाई. पन दुसऱ्या कुनाच्या रुपयाला केलं नसंल, कशावरून?"

 तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची पंतांना सवय नव्हती. त्याला काय उत्तर द्यायचं असतं, हे त्यांना त्यांच्या घरातल्या एकानेही शिकवलं नव्हतं, कारण उत्तर कोणाकडेच नव्हतं.

पुढच्या रविवारी पंत कॅम्प दोनला आले ते लाकडी पेटी घेऊन. जन्मभर जमवलेली सगळी नाणी तीत होती, आणि वर उमाबाईंचा रुपया. त्यांनी बटणं बाजूला सारून पेटी फळीवर ठेवली.

"विकायची?" होतचंदने विचारलं.

"विकायची नाहीत. मांडून ठेवा. रिसबुडाची नाणी कोणाकडे असतात ते येणाराजाणारा बघू दे. आणि नव्या पुड्या करा. तुमच्या हातच्या."

 होतचंद कागद फाडून पुड्या करायला बसला. पहिल्या पुडीवर त्याने लिहिलं, 'उमाभाभी ची रूपया'. वाचून पंतांच्या बोटांना मुंग्या आल्या. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"पावती लिहू?" होतचंदने विचारलं.

"नको."

"साईं, पेटीत किती आहेत ते तरी बघून घ्या माझ्यासमोर."

"नको म्हटलं ना." पंत उठले. होतचंदने पेटी आत नेली, लोखंडी पेटाऱ्यात ठेवून कुलूप लावलं. पंत चपला घालून निघाले. ताठ मानेने, मागे न बघता ते बराकींच्या ओळीच्या टोकापर्यंत गेले. तिथे मात्र त्यांच्याने राहवलं नाही, आणि कुलूप नीट लागलंय ना ते बघायला ते वळले.

होतचंद दारातच उभा होता. पंत वळणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने किल्ली उंच धरून त्यांना दाखवली.